घरचं दूध

"ही तर जाहिरात झाली, निकिता. यात बातमी कुठंय?"

फोन स्पीकरवर होता. पुण्याच्या दैनिकात अर्थकारणाचं पान सांभाळणाऱ्या उझ्मा शेख यांचा आवाज प्रसिद्धी एजन्सीच्या सावेडीतल्या केबिनभर पसरला. समोरच्या खुर्चीत डेअरीचे मालक अंगदराव बसले होते. त्यांनीच बजावलं होतं, "फोन माझ्यासमोर लावायचा. किती दिवस नुसतं 'प्रयत्न चालू आहेत' ऐकायचं?"

अंगदरावांच्या डेअरीची प्रसिद्धी निकिताकडे होती. तीन महिन्यांत तिनं या बाईंना अकरा विषय सुचवले होते. नवा कारखाना, तुपाची निर्यात, मालकांचा सत्कार. एकही छापून आला नव्हता. आजचाही गेला तर अंगदराव दुसरी एजन्सी बघणार आणि तिच्या एजन्सीचे साहेब तिला घरी बसवणार, यात शंका नव्हती.

"मॅडम, हजारो शेतकरी आमच्या डेअरीला दूध घालतात," ती घाईघाईनं म्हणाली. "जामखेडकडच्या कोरड्या गावांत यांच्यामुळं घरं उभी राहिली. विश्वास आहे लोकांचा."

"तू तिकडचीच ना?"

"हो. खर्ड्याजवळची."

"मग तुमच्या घरचं दूध कुठं घालता?"

अंगदराव खुशीत हसले. निकिताच्या गावात त्यांचं संकलन केंद्र अगदी वेशीवर होतं. सांग, अशी त्यांनी मानेनंच खूण केली.

उत्तर सोपं होतं. निकितानं तोंड उघडलं आणि तिला आई दिसली. किटली घेऊन वेशीवरच्या केंद्रापुढून खाली मान घालून जाणारी. तिथून पुढं तीन किलोमीटर चालणारी.

"दुसऱ्या डेअरीला," ती म्हणाली. "आई म्हणती, यांच्या मशीनवर आपली म्हैस गाय हुती. फॅट गाईएवढंच दाखवतं, मग भाव बी गाईचाच. गावातल्या लई जणींनी सोडलंय."

अंगदरावांचं हसू ओठांवरच थिजलं. "बंद कर तो फोन."

पलीकडून उझ्माताईंनी विचारलं, "तुझी आई माझ्याशी बोलेल?"

निकितानं फोन उचलला. स्पीकर बंद करून ती दाराकडं चालू लागली.

"बोलंल की. खर्ड्याच्या अलीकडं फाटा लागतो, मॅडम. सकाळी सहाला या, आई धार काढाय बसलेली असती."