काळा पुठ्ठा

कॅमेऱ्यावरची काच फरशीवर पडली आणि तिचे दोन तुकडे झाले. मागोमाग पिठाच्या डब्याचं झाकण गडगडत पुस्तकांच्या कपाटाखाली गेलं.

झाकणाची युक्ती अण्णांचीच होती. लेकीने भाड्याने आणलेली ही खूप रुंद दिसणारी लेन्स पुढून बेडकाच्या डोळ्यासारखी फुगलेली. तिच्यावर कुठलाच फिल्टर बसेना. म्हणून त्यांच्या सांगण्यावरून लेकीने सकाळी घरातलं झाकण मधोमध कापलं, त्यात वरून गडद आणि खालून साधी अशी फिल्टरची काच चिकटपट्टीने अडकवली आणि ते लेन्सवर चढवलं. लेकीची आई बिचारी घरी अजून झाकण शोधत असणार.

“दुसरी काच नाही का?” आर्किटेक्ट बाईंनी दारातून विचारलं.

“आहे की. एकीच्या दोन झाल्यात,” लेक अण्णांना ऐकू जाईल इतपत पुटपुटली.

बाईंनी बांधलेलं हे वाचनालय इतकं चिंचोळं, की साध्या लेन्समध्ये निम्मंच मावे. समोरच्या भिंतीत कपाटांच्या वर लांबलचक खिडकी आणि खिडकीत डोंगर. खोली नीट दिसेल असा फोटो काढला की खिडकी पांढरीफटक. डोंगर दिसेल असा काढला की खोलीत काळोख. खिडकीचा उजेड दाबायला म्हणून तर ती वरून गडद काच होती. दोन फोटो जोडून एक करावा, तर बाईंच्या स्पर्धेत जोडकाम चालत नव्हतं आणि फोटो आज संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता. अण्णांचा स्टुडिओ हाती घेतल्यापासून लेकीला मिळालेलं हे पहिलं मोठं काम. ते आता डोळ्यांदेखत हातचं जाणार होतं.

तेवढ्यात चहा आला. अण्णांनी नेहमीप्रमाणे अर्धाच कप घेतला. हात थरथरायला लागल्यापासून ते अर्धाच घेत, म्हणजे सांडत नाही. एरवी उजवा हात सदैव खिशात. कॅमेऱ्याला तर त्यांनी वर्षभरात बोट लावलं नव्हतं.

“एखादा काळा पुठ्ठा बघ,” ते शेवटी म्हणाले. “काचा परवडत नव्हत्या तेव्हा आम्ही तेच करायचो. शटर काही सेकंद उघडं ठेवायचं आणि तेवढ्यात पुठ्ठा लेन्ससमोर धरायचा, फक्त खिडकी झाकेल एवढाच. शेवटी काढून घ्यायचा. खिडकीचा उजेड आपोआप कमी पडतो.”

बाईंच्या फाइलचं काळं कव्हर निघालं. लेकीने ते धरून फोटो काढला. डोंगर आला, खोलीही आली, पण दोन्हींच्या मधून भिंतीला तडा गेल्यासारखी एक सरळ रेघ आली.

“स्थिर नाही धरायचं. हलवत राहायचं.”

तिने हलवलं. या वेळी खिडकीखालचं कपाट काळं झालं.

“कमी हलवलं तर रेघ, जास्त हलवलं तर कपाट गायब!” लेक वैतागली. “नक्की हलवू तरी किती, अण्णा?”

“अगदी बारीक. थरथरल्यासारखं.”

शब्द तोंडातून गेला आणि अण्णांनी जीभ चावली. लेक त्यांच्या खिशाकडे बघत होती.

“अण्णा, हात काढा बाहेर.”

“नको गं. माझ्यामुळे काम बिघडेल.”

“आता बिघडायला उरलंय काय?”

तिने कव्हर त्यांच्या हातात दिलं आणि त्याची कड लेन्ससमोर कुठे यायला हवी ते दाखवलं. अण्णांनी सवयीने डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट आवळलं.

“सोडा ते,” लेक म्हणाली.

त्यांनी मनगट सोडलं. शटर उघडलं. हात त्याला हवा तसा थरथरत राहिला आणि वर्षभरात पहिल्यांदाच अण्णांनी त्याला आवरलं नाही.

“काढा!”

त्यांनी पुठ्ठा वर उचलून घेतला. शटर मिटलं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो उमटला, तेव्हा बघायचा धीर त्यांना होईना. लेकीने तो मोठा करून या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवला. मग पुन्हा सरकवला.

“रेघ कुठे गेली?” बाईंनी वाकून विचारलं.

रेघ नव्हती. डोंगर होता, त्याच्याखाली पुस्तकांच्या पाठीवरचं नाव न् नाव वाचता येत होतं. अण्णांचा जीव भांड्यात पडला. लेक तर खाली फरशीवरच बसली आणि झाकण काढण्याच्या निमित्ताने कपाटाखाली हात घालून, तोंड लपवून डोळे पुसत राहिली.

बाईंनी पुन्हा चहा मागवला. लेकीने अण्णांचा कप अर्धा भरला आणि किटली उचलून घेतली.

“थांबलीस का? भर की,” अण्णा म्हणाले.

तिने काठोकाठ भरला. अण्णांनी उजव्या हाताने कप उचलला. थोडा चहा बशीत सांडला. तो त्यांनी बशी तोंडाला लावून पिऊन टाकला.