वीणेचा पहारा

बारा वाजता भागवतनं वीणा घ्यायला यायचं होतं. तीन वाजून गेले तरी तो समोरच्या लिंबाखाली तंबाखू मळत बसला होता. टाळकरीही एकेक करून त्याच सावलीला गेले होते.

मच्छिंद्र देवळात एकटा उभा होता. गळ्यात वीणा, ओठांवर रामकृष्णहरी. सप्ता उठेपर्यंत वीणा जमिनीला टेकायची नाही. ती एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते, दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि पहारा बदलतो. त्याच्या आज्यापासून गावात ती एकदाही टेकलेली नव्हती. आता तो एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकत होता.

सप्त्याचे प्रमुख कारभारीतात्या पायरीपाशी आले.

"दमला आसशील."

"भागवतला पाठवा, तात्या."

"पाठवतो की. माळ हातात धर आन माइकवर सांग, देवळाभायेर पखवाज वाजवनार न्हाई. लगीच पाठवतो."

दिवाळीपासून मच्छिंद्र पखवाज घेऊन नगरला जात होता. सावेडीत सम्राट नावाचा पोरगा हॉल ठरवून बँडना सुपाऱ्या द्यायचा. स्का म्हणून एक परदेशी नाचरं संगीत होतं. ट्रम्पेट, गिटार, आणि दोन ठोक्यांच्या मधल्या जागेवर उचललेला ठेका. सम्राटनं त्यात लग्नाच्या बँडमधला ट्रम्पेटवाला बसवला आणि मच्छिंद्रचा पखवाज. त्याचा व्हिडिओ गावभर फिरला होता. आज संध्याकाळी सावेडीतल्या कार्यक्रमात त्याला ऐकायला पुण्याचा मोठा बँड येणार होता. पखवाज आवडला तर मच्छिंद्रला ते कायमचं बरोबर घेणार होते.

"तिथं बी मी देवाचंच वाजवतो, तात्या."

"पोरी नाचत्यात तिथं."

"काल्याच्या दिवशी आपन बी नाचतोच की."

"लई शिकलास. मग टेकव वीणा आन जा. कुनी धरलंय तुला?"

तात्या लिंबाखाली जाऊन बसले. कुणीतरी काहीतरी बोललं, बाकीचे हसले.

मच्छिंद्रनं डोळे मिटून घेतले. माळ धरून खोटं बोलता येत नव्हतं. वीणा टेकवता येत नव्हती. तारेवरचं बोट तेवढं चालू होतं.

पारापाशी मोटारसायकल थांबली. तिच्या टाकीवर निळ्या अक्षरात 'जयभीम' होतं. सम्राट उतरला आणि थेट देवळाच्या पायरीशी आला.

"बारापासून फोन लावतोय. कुठं अडकलास?"

"हात मोकळे न्हाईत."

"मग दे की कुणाला तरी."

"कुनी घेत न्हाई."

सम्राटनं वळून लिंबाखाली पाहिलं. तिथं दहा-बारा माणसं होती. सगळ्यांच्या गळ्यात माळा होत्या. त्यानं एकदा घड्याळ बघितलं. मग पायरीवर बसून बूट काढले, मोजे बुटात कोंबले, नळावर हातपाय धुतले आणि वर चढून मच्छिंद्रच्या पाया पडला.

"दे इकडं. रामकृष्णहरी म्हणता येतं मला."

"आन कार्यक्रम?"

"माझं काम बँड ठरवायचं. ते झालंय. वाजवायला तू पाहिजेस. मी उभा राहतो इथं, तू वाजवून ये."

मच्छिंद्रनं त्याच्याकडे पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. मच्छिंद्रनंही मग वाकून त्याच्या पायांना हात लावला, आणि वीणा काढायला मान खाली घातली.

"ए, थांब!" लिंबाखालून भागवत ओरडला.

त्यानं तंबाखू तशीच झाडून टाकली. त्याच्या मागं छगन, छगनच्या मागं सुनील, मागोमाग सगळेच धावत आले. पायऱ्यांवर चपलांचा खच पडला. छगन तर चपलेसकटच आत शिरला. सम्राटचा हात पोचायच्या आत भागवतनं वीणा ओढून आपल्या गळ्यात घातली. पाया पडायचं राहून गेलं. त्याला धाप लागली होती, तरी तो नाम घेऊ लागला. सुनीलनं टाळ उचलले. बघता बघता देऊळ भरलं. सकाळपासून एवढं खणखणीत नाम झालं नव्हतं.

मच्छिंद्रनं कोपऱ्यातला पखवाज उचलला. वळला तेव्हा सम्राट उभा होता त्या फरशीवर कारभारीतात्या तांब्यानं पाणी ओतत होते.

तो कसाबसा बाहेर आला आणि पखवाज छातीशी धरून पायरीवरच बसला.

शेजारी सम्राट बुटाची नाडी बांधत होता. त्यानं मान वर केली नाही.

"चल," तो म्हणाला. "एवढे कलाकार एका हाकेत मला कधीच मिळाले नव्हते."