पायाळूची लाथ

"आधी कुंडी सोडा," आई म्हणाली. गॅलरीतली कुंडी उचलायला वाकलेल्या बाबांच्या पाठीत उसण भरली होती आणि ते काटकोनात अडकले होते. तशातही कढीपत्ता वाकडा लावल्याबद्दल माझा उद्धार चालूच होता.

आम्ही सगळे धावलो. मलम चोळलं, शेक दिला. बाबा आधी बोंबलत, मग आमची अक्कल काढत. शेवटी शेजारच्या काकूंनी उपाय सांगितला. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, अशा पायाळू माणसाची लाथ बसली की उसण जाते.

घरात तशी एकच, माझी बायको. लग्न ठरताना बाबांनी यावरूनच नाक मुरडलं होतं. तिनं आधी त्यांना वाकून नमस्कार केला, मग पाठीला पाऊल नुसतं टेकवलं.

"ही लाथ? तुझ्या चहासारखीच पाणचट!" बाबा फरशीकडे बघत गरजले.

आईनं पदर खोचला. "सरक गं. मीही पायाळूच आहे."

"एकेचाळीस वर्षांत बोलली नाहीस!"

"बोलू दिलंत कधी?"

लाथ बसली. बाबा थेट भिंतीपर्यंत गेले आणि वळले ते ताठ होऊनच. तेव्हापासून मिळेल तो चहा मुकाट पितात.

मी मामाला फोन करून विचारलं, तर तो हसतच सुटला. "ताई पायाळू? छे रे! आमच्याकडे पायाळू मी एकटाच."

बाबांना हे सांगितलेलं नाही. उसण काय, पुन्हा कधीही भरू शकते.