दुपारची खरखर

"उठा अप्पा, आली परत," मुलगा दारातून म्हणाला आणि हातातला छोटा रेडिओ त्याने अप्पांच्या कानाशी धरला. खर्रर्र. एफएमच्या पट्ट्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत तेच.

अप्पा भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यांनी कूसही बदलली नाही. "कालच तर शोधली."

"काल तिसऱ्या मजल्यावर सापडली नाही. आज चौथा."

"तू जा. मी काय त्या खरखरीचा सोयरा लागतो?"

"एकाने दार वाजवायचं, एकाने रेडिओ धरायचा. एकट्याला नाही जमत."

अप्पा कण्हत उठले. हिवाळ्यात त्यांची बायको गेली. तेव्हापासून जेवण झालं की आडवं व्हायचं आणि दिवेलागणीला उठायचं, एवढाच त्यांचा दिवस उरला होता. त्यात हे खूळ.

खूळ मुलाचं. सकाळच्या शाळेत विज्ञान शिकवून आला की तो हेडफोन चढवून बसायचा. गॅलरीत माशाच्या काट्यासारखा अँटेना. एरवी एफएम शंभरेक किलोमीटरच्या पुढे फारसं पोचत नाही. पण उन्हाळ्यात कधी कधी आकाशात फार उंचावर असा काही थर जमतो, की हजार-दीड हजार किलोमीटरवरची स्टेशनं त्यावर आपटून खाली येतात. कधी पाच मिनिटं, कधी तासभर. कुठल्याशा बेटावरचं एक स्टेशन त्याला चार उन्हाळे हुलकावणी देत होतं. यंदा लागेल अशी लक्षणं होती, तर यंदाच दुपार झाली की ही अवदसा.

"ऐकून मिळतं काय?" अप्पांनी जिन्यात विचारलं. "तिथले बाजारभाव?"

"काहीच नाही. भाषासुद्धा कळत नाही."

"मग आपल्या गावातलं स्टेशन काय वाईट आहे? तेही मला कळत नाही." दोन पायऱ्या चढून ते थांबले. "आपल्याच घरातलं काही बिघडलं नसेल ना?"

"पहिल्याच दिवशी बघितलं. मेन स्विच पाडून."

चौथ्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी दार उघडलं, मुलगा सांगेल तसं एकेक बंद केलं आणि शेवटी कपाळाला हात लावला. "पंखा झाला, टीव्ही झाला. आता काय बंद करू, श्वास?"

शिलाई मशीन बंद केलं. खरखर तशीच. वायरींतून ती इमारतभर पसरते, मुलगा म्हणाला, म्हणून एकेक घर गाळावं लागतं.

"हा गाळत बसू दे," बाई अप्पांना म्हणाल्या. "तुम्ही टेका. चहा टाकते."

मग रोज हेच. दातांच्या डॉक्टरांकडे चहा. निवृत्त पोस्टमास्तरांकडे चहा आणि वर बुद्धिबळाचा पट. "तुझ्या खरखरीपायी माझ्या पोटात आम्लाचा कारखाना निघालाय," अप्पा करवादले. "आणि तो पोस्टमास्तर घोडा अडीच घरांऐवजी साडेतीन घरं नेतो!"

"मग उद्या हरवा त्यांना," मुलगा म्हणाला.

"तुझं ते बेट?"

"आठवडाभर वाट बघायची. मग थराचा मोसम संपतो. पुढच्या वर्षी बघू."

हे "बघू" अप्पांना झोंबलं. पोराने चार वर्षं जीव टाकला आणि कुणाच्या तरी भिकार यंत्रापायी सगळं पाण्यात. या खरखरीचा सोक्षमोक्ष आता आपणच लावायचा, असं त्यांनी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी मुलाला शाळेतल्या बैठकीमुळे उशीर होणार होता. जेवण उरकून अप्पा आडवे होण्याऐवजी रेडिओ लावून बसले. ठरल्या वेळी खरखर उठली तसे ते एकटेच जिना चढून गेले.

"अहो, साऱ्या इमारतीचे उंबरे झिजवलेत," शिंपीणबाई म्हणाल्या. "स्वतःचा मेन स्विच पाडलात का कधी?"

"मुलाने पाडला होता."

"मुलाने. तुम्ही?"

अप्पा तणतणत खाली आले आणि मेन स्विच पाडला. सुरीने कापावी तशी खरखर तुटली. मागून एक बाई अनोळखी भाषेत बोलू लागली, शेजारच्या खोलीतून बोलावं इतकी स्वच्छ. अप्पा उभ्या उभ्या ऐकत राहिले. मग मेन वर करून ते बराच वेळ या खोलीतून त्या खोलीत फिरत होते.

मुलगा घामाघूम होऊन आला, तर रेडिओ गॅलरीत ठणठणीत बोलत होता. खांद्यावरची पिशवी टाकून तो कान देऊन उभा राहिला.

"अप्पा, बेट! नाव घेतलं तिने, आत्ता!" तो रेडिओशेजारी फरशीवरच बसला. क्षणभराने त्याचा चेहरा उतरला. "पण खरखर... कुणाकडे सापडली?"

अप्पा चपला घालत होते. "पोस्टमास्तर पट मांडून बसलेत, मला उशीर होतोय. तू ऐक निवांत. आणि हो, तुझ्या कपाटामागे तो जुना चार्जर होता ना, माझ्या पडायच्या वेळेचा टायमर लावलेला, तो काढून टेबलावर ठेवलाय."