वाफेच्या नळीवरचं दूध

इंग्रिडला पुरून आल्यापासून वाल्तेरच्या त्रिएस्तेमधल्या घरात दूध आलंच नव्हतं. तरी आज जेवण झाल्यावर त्याने कॉफी मशीनची दूध फेसाळायची वाफेची नळी तिसऱ्यांदा घासली, आणि तिसऱ्यांदा तिच्यावर दुधाचा पापुद्रा धरला.

"जेवणावर दुधाची कॉफी? परकी ती परकीच!" इटलीत जेवणानंतर कोणी कॉफीत दूध घालत नाही, म्हणून तो आपल्या परदेशी बायकोला, इंग्रिडला, जन्मभर असं हिणवत आला होता.

"बाबा, पाण्यातला चुना साचला असेल. पडा जरा," मुलगी फोनवर म्हणाली.

"चुना गोड लागतो का गं?"

त्याने मशीनची वायर उपटली, पाण्याची टाकी रिकामी केली आणि गार नळी फडक्यात घट्ट धरली.

"चुकलो गं, इंग्रिड," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "हवी तेव्हा पी."

मुठीतली नळी हळूहळू तापू लागली.