खेळून बघ हवं तर

आईने शिवलेली पिशवी घेऊन आम्ही एका बड्या ब्रँडच्या ऑफिसात गेलो, तर तिथले साहेब त्यांच्या नव्या ब्लॉकचेनचं तुणतुणं वाजवायला लागले. "वस्तूचा फोटो टाकला की ती सगळ्यात आधी कोणी बनवली ते कळतं. नोंद दोन सेकंदांत, वीज नावापुरती, आणि झालेली नोंद आम्हालासुद्धा खोडता येत नाही! खेळून बघ हवं तर," म्हणत त्यांनी टॅब माझ्याकडे सरकवला आणि फोन घ्यायला बाहेर गेले. परत येऊन त्यांनी पिशवी आतूनबाहेरून न्याहाळली, तिचे फोटो काढले आणि म्हणाले, "जुनाट आहे हो ताई, नाही चालणार."

तीन महिन्यांनी तीच पिशवी त्यांच्या नावाने थाटामाटात बाजारात येत होती. आईने तर मशीनला हात लावणंच सोडलं होतं, पण मी तिला ओढत त्या कार्यक्रमाला नेलं आणि थेट पहिल्या रांगेत बसवलं. "आता बघा, ही कोणाची निर्मिती!" म्हणत साहेबांनी सगळ्यांसमोर पिशवीचा फोटो टाकला.



मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर आईचं नाव झळकलं, साहेब "खोडा ते, खोडा!" म्हणून किंचाळले, आणि मी बसल्या जागेवरून हात वर केला, "काका, खेळून बघितलं हो मी!"