विलंबाचं सबळ कारण

"मुदत वीस जानेवारीला संपली. आज दोन फेब्रुवारी. आता हा अर्ज मी कुठे घालू?"

विक्रीकर कचेरीतला कारकून माधव कारखानीस यानं कागद परत सरकवला. टेबलापलीकडे उभ्या असलेल्या कोंडीरामनं तो उचलला नाही. काळाचौकीला त्याचं पत्र्याच्या ट्रंकांचं दुकान होतं. दुकान कसलं, चाळीच्या जिन्याखालची खोबण. गिरणीत लागलेला माणूस गावाहून वळकटी घेऊन येई आणि पहिल्या पगारात कोंडीरामकडून ट्रंक नेई.

अर्ज साधा होता. लहान दुकानदारानं वर्षाचा एकच ठोक कर भरायचा आणि रोजच्या वह्यांतून सुटायचं. पण तसं मुदतीत मागायला हवं. नाही मागितलं, तर ट्रंक न् ट्रंक लिहायची, दर तीन महिन्यांनी दाखवायची, आणि चुकलं की दंड.

"मग वह्या ठेवा," माधव म्हणाला. "मागच्या वर्षीच्या किती नीट आहेत. अक्षर तर आमच्या हेडक्लार्कपेक्षा चांगलं."

"लिवनारा आता न्हाई, साहेब."

"दुसरा बघा."

"मला अंगठ्याबिगर काय येत न्हाई. दुसऱ्याला पगार कुठनं देऊ? दंड बसला की दुकान गेलं. मग मी आन् बायकू, दोगांनी काय खायाचं?"

"अहो, निदान एकवीसला यायचं. तेरा दिवस काय करत होतात?"

"घराबाहीर पडता येत न्हवतं."

माधवला अशा माणसांची दया येई आणि त्या दयेचा कंटाळाही येई. दिवसाला दहा जण येत. सगळ्यांची आई नेमकी मुदतीच्या आठवड्यात आजारी पडलेली असे. हा निदान कुणाला आजारी पाडत नव्हता. काळी टोपी कानांपर्यंत ओढून नुसता उभा होता. त्याचे डोळे पाहवत नव्हते.

शेवटी माधवनं इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "एक वाट आहे. त्या आठवड्यात मोर्च्यांवर गोळीबार झाला, दुकानं बंद होती. आमचे साहेब मोर्चेवाल्यांवर खार खाऊन आहेत. दंगेखोरांनी जबरदस्तीनं दुकान बंद करायला लावलं, म्हणून येता आलं नाही, असं लिहून दिलंत तर विलंब माफ होईल. परवा तिघांचे झाले."

बोलला आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. त्याच आठवड्यात फणसवाडीच्या तोंडाशी त्यानंही मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी निमूट येऊन हजेरीपटावर सहीही केली होती. काळाचौकीचा माणूस असलं काही लिहून देणार नाही, अशी त्याला आशा होती.

"द्या लिवून," कोंडीराम म्हणाला.

माधवनं टाक दौतीत बुडवला. "नुसतं दंगेखोर चालत नाही. नाव लागतं. कुणी बंद करायला लावलं?"

"रघुनाथनं."

"तुमच्या चाळीतला?"

"व्हय. मी नको नको म्हनत हुतो. पगार नुकता झालेला, गिऱ्हाईक दारात. त्यानं ऐकलं न्हाई. माज्या हातातली हातोडी काढून घेतली, दुकानाच्या फळ्या लावल्या आन् मोर्च्यात गेला."

"हा कागद पोलिसांकडे जातो, ठाऊक आहे ना? उचलतील त्याला. हाडं मोडतील."

"न्हाई मोडनार."

माधवच्या अंगाचा तिळपापड झाला. कराच्या एका कागदासाठी हा माणूस आपल्याच चाळीतला पोरगा पोलिसांच्या हाती देत होता, आणि तेही न अडखळता. असल्यांसाठी आपण घसा फोडून घेतला, असं त्याला वाटलं. त्या माणसाची किळस आली. तो इतक्या जोरानं लिहीत होता की टाकाचं टोक कागदात रुतलं.

"पूर्ण नाव सांगा," तो वर न बघता म्हणाला. "त्याच्या बापाचं नाव काय?"

माधवनं मान वर केली. कोंडीरामनं टोपी काढून हातात घेतली होती. डोकं नुकतंच भादरलेलं होतं.

"कोंडीराम," तो म्हणाला. "वह्या बी त्योच लिवायचा."